दिवाळ्याहून घारापुरी : हद्दीपलीकडच्या एका दिवसाची तयारी

बेलापूरनजीकच्या दिवाळे गावाच्या धक्क्यापुढे पसरलेले खाडीचे पाणी आज ठाणे व रायगड या दोन जिल्ह्यांची हद्द समजले जाते, आणि तेही महसुली दप्तरात तशी नोंद आहे म्हणून. होडीतून जाणाऱ्या माणसास ती हद्द कोठे ओलांडली याचा पत्ताही लागत नाही. परंतु १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी, कारंजा, हॉग बेट आणि घारापुरी ही स्थळे कंपनी सरकारकडे कायम झाली आणि बेलापूरचा किल्ला व त्याच्या आसऱ्याची गावे पेशव्यांच्या अमलाखाली राहिली, तेव्हापासून १८१७ साली तो किल्ला इंग्रजांच्या हाती पडेपर्यंत हेच पाणी दोन राज्यांची सरहद्द होते. त्या सरहद्दीपलीकडे जे आहे, ते या दोन्ही राज्यांहून हजार-बाराशे वर्षांनी प्राचीन आहे. सहाव्या शतकाच्या मध्यास काळ्या बेसाल्टच्या डोंगरात कोरलेले शिवाचे हे लेणे युनेस्कोने १९८७ साली जागतिक वारशाच्या यादीत घेतले, आणि तरीही बेलापूर, नेरूळ, सीवूड्स या भागांत नव्याने राहावयास आलेल्या कित्येक कुटुंबांनी ते पाहिलेले नाही, किंवा पाहिले असल्यास शाळेच्या सहलीत, शिक्षकांच्या शिटीच्या तालावर पाहिले आहे. अशा कुटुंबांना एका दिवसात, जाणत्या मार्गदर्शकाच्या सोबतीने, ही यात्रा नीट कशी करता येईल हे सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे.

दिवाळ्याच्या जुन्या रहिवाशांना मात्र घारापुरी परकी नाही. येथील कोळी समाजाचा बहिरीदेव दिवाळीच्या दिवसांत घारापुरीच्या बाजूच्या पाण्यातून वर आणला जातो, गावात त्याची जत्रा भरते, आणि उत्सव आटोपताच देव पुन्हा समुद्राच्या स्वाधीन केला जातो. ज्यांचा देवच खाडीच्या त्या अंगास राहतो, त्यांच्याशी प्रवासाच्या आधी चार शब्द बोलणे हे कोणत्याही छापील माहितीपत्रकाहून अधिक उपयोगाचे आहे. आणि तयारीचा आरंभही तेथूनच करावा, कारण या प्रवासात सर्वांत प्रथम विचारात घ्यावयाची गोष्ट म्हणजे पाण्याची वेळ.

खाडीच्या या भागात ओहोटीस चिखलाचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडतात आणि होडी धक्क्यास लागणे दुरापास्त होते. म्हणून रविवारची सुट्टी आहे, सबब निघावयाचे, असा हिशेब करून चालत नाही. पंचांग पाहावे लागते. कोळी लोकांचा जुना ठोकताळा असा की तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची घटका साधारणपणे कळते : चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता, एकादशीस सव्वाआठ वाजता, आणि ही भरती दिवसाच्या चोवीस तासांत थोड्या विलंबाने दोनदा येते. आता हेच गणित प्रवासाच्या दृष्टीने पाहावे. अष्टमीस सकाळी सहाला भरती असेल तर दुपारी बाराच्या सुमारास पाणी पार ओसरलेले राहणार. पौर्णिमेस वा अमावास्येस निघताना पाणी चांगले असले तरी परतीच्या वेळी, म्हणजे सायंकाळी पाच-सहाला, ते ऐन ओहोटीस गेलेले असणार, आणि उधाणाच्या दिवसांत ती ओहोटीही खोलवर जाणार. याउलट शुद्ध किंवा वद्य पक्षातील दशमी, एकादशी व द्वादशी या तिथींना सकाळी साडेसात ते नऊ या वेळेत भरलेल्या पाण्यावर निघता येते, मधली ओहोटी आपण बेटावर असताना होऊन जाते, आणि परतताना पाणी पुन्हा चढू लागलेले असते. दिवाळे-बेलापूरच्या बाजूने जाऊ इच्छिणाऱ्याने शक्य तो याच तीन तिथींपैकी एखादी निवडावी, मात्र त्या दिवशी सोमवार नाही याची खात्री करावी, कारण सोमवारी लेणी बंद असतात. हा ठोकताळा अंदाजाचा आहे, शासकीय भरतीपत्रकाची जागा तो घेऊ शकत नाही. तेव्हा पत्रक पाहावे आणि त्यावर तांडेलाचा शब्द अखेरचा मानावा. ऋतूंपैकी कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचे दिवस उत्तम. पावसाळ्यात वाऱ्या-लाटांमुळे जलवाहतूक वारंवार बंद ठेवली जाते, आणि ती चालू असली तरी मुलांना व वृद्धांना घेऊन त्या पाण्यावर जाऊ नये.

होडीच्या बाबतीत भीड अजिबात बाळगू नये. मासेमारीच्या नोंदणीची होडी ही प्रवासी वाहतुकीसाठी नसते. नाखवा कितीही ओळखीचा असो, आणि त्याची समुद्रावरील हुशारी कितीही निर्विवाद असो, प्रवासी नेण्याचा परवाना, मंजूर प्रवासीसंख्या आणि प्रत्येकास पुरतील इतकी जीवरक्षक जाकिटे या तीन गोष्टी असल्याखेरीज तिच्यात पाऊल टाकू नये. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीस निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली, बोट बुडाली आणि अनेकांना प्राणास मुकावे लागले. त्या दुर्घटनेनंतर जाकिटांविषयी सक्ती झाली. तरीही प्रवासी ती बसावयाच्या फळीखाली ढकलून देतात असे आजही दृष्टीस पडते. उकाडा होतो, कपडे चुरगळतात, छायाचित्र नीट येत नाही, ही कारणे लहान मुलांच्या आईबापांच्या तोंडी तरी शोभत नाहीत. जाकीट धक्क्यावरच अंगात घालून, पट्टे आवळून मगच चढावे.

बेलापूरच्या जेट्टीवरून घारापुरीकडे जाणारी जलटॅक्सी फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली. पण अशा सेवा प्रवाशांच्या संख्येवर आणि ऋतूवर अवलंबून असल्यामुळे त्या अखंड चालतील असे गृहीत धरू नये, निघण्यापूर्वी दोन-तीन दिवस आधी चौकशी करावी. दहा-बारा जणांचा समूह असल्यास परवानाधारक बोट पूर्ण दिवसासाठी ठरवणे अधिक सोयीचे पडते, आणि मार्गदर्शकालाही धक्क्यापासूनच बरोबर घेता येते. बोट खाडीच्या मुखातून बाहेर पडली की २०२४ च्या जानेवारीत खुल्या झालेल्या अटल सेतूखालून जाते, पुढे डाव्या हातास न्हावा आणि जवाहरलाल नेहरू बंदराच्या यारी दिसू लागतात, आणि त्या लोखंडी अरण्याच्या समोरच दोन शिखरांचे हिरवे बेट उभे राहते. हा मार्ग न जमल्यास बेलापूरहून हार्बरच्या गाडीने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला आणि तेथून गेटवेला जावे. सकाळी नवाच्या सुमारास बोटी सुटू लागतात व सुमारे तासाभरात पोहोचवतात. तेथे भरती-ओहोटीची फारशी काळजी नसते.

मार्गदर्शकाची निवड हा या प्रवासातील अत्यंत महत्त्वाचा, आणि बहुधा अत्यंत दुर्लक्षित असा भाग आहे. धक्क्यावर उतरताच जो पहिला गळ्यात पडेल त्याला बरोबर घेणे आणि पाऊण तासात ‘हा नटराज, हा अर्धनारी, हे त्रिमूर्ती’ एवढे ऐकून बाहेर पडणे, यापेक्षा मार्गदर्शक नसलेला बरा. पर्यटन मंत्रालयाचा परवाना आणि ओळखपत्र पाहावे हे तर झालेच. परंतु परवान्याने ज्ञानाची हमी मिळत नाही, म्हणून आदल्या दिवशी दूरध्वनीवर दोन प्रश्न विचारावेत. लेण्याचे मूळ प्रवेशद्वार कोणत्या दिशेस होते, हा एक. आणि हे लेणे कोणी कोरविले याविषयी पंडितांचे मतभेद काय आहेत, हा दुसरा. ज्याला पहिल्याचे उत्तर येते त्याने लेणे डोळे उघडे ठेवून पाहिलेले असते, आणि जो दुसऱ्याचे उत्तर देताना थांबून ‘याचा निश्चित पुरावा नाही’ असे म्हणतो, त्याच्यावर खुशाल विश्वास टाकावा. पांडवांनी एका रात्रीत ही लेणी कोरली, बाणासुराने आपल्या मुलीसाठी ती उभारली, अशा कथाही त्याच्याकडून अवश्य ऐकाव्यात, कारण त्या या बेटाच्या आणि भोवतालच्या गावांच्या स्मृतीचा भाग आहेत. फक्त कथा कोठे संपते आणि इतिहास कोठे सुरू होतो ही सीमारेषा त्याने स्पष्ट आखलेली असावी. मोबदला, वेळ आणि भाषा आधी ठरवावी. मुख्य लेण्यासाठी किमान दोन तास द्यावेत असे त्यास बजावून सांगावे, आणि मराठी कुटुंबाने मराठीतूनच माहिती मागावी. आजी-आजोबांना व लहानग्यांना एकाच वेळी समजेल अशी ती दुसऱ्या भाषेतून सहसा होत नाही.

बोट बेटावर जेथे लागते त्या शेतबंदराच्या धक्क्यापासून पायथ्यापर्यंतचे अंतर लांबट आहे. तेथे लहान रेल्वेगाडी चालते, तीत वृद्धांना बसवावे. पुढे सुमारे १२० पायऱ्या चढाव्या लागतात. दोन्ही बाजूंस दुकाने असल्यामुळे सावली मिळते, आणि ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोलीवाले असतात. ग्रामपंचायतीचा अल्पसा कर आणि पुरातत्त्व खात्याचे तिकीट ही दोन्ही निरनिराळी आहेत. भारतीय नागरिकास तिकिटाचे सध्या ४० रुपये पडतात, आणि १५ वर्षांखालील मुलांस ते माफ आहे. खाद्यपदार्थ पिशवीत बंद करून ठेवावेत, कारण माकडे फार धीट झाली आहेत, आणि त्यांना तसे करण्यास कारणीभूत आपणच, खाऊ घालणारे प्रवासी, आहोत.

आता लेणे. आज आपण उत्तरेकडून आत शिरतो. परंतु गर्भगृह मंडपाच्या पश्चिम भागात आहे, आणि पूर्वेकडून येणाऱ्या भाविकास ते थेट समोर दिसावे अशी मूळ योजना होती. ही एक गोष्ट ध्यानात धरली म्हणजे या लेण्यात दोन अक्ष एकमेकांस छेदतात हे उमगते : पूर्व-पश्चिम अक्षावर शिवलिंग, म्हणजे निराकार, आणि उत्तर-दक्षिण अक्षावर सदाशिवाचे, त्रिमूर्ती म्हणून ओळखले जाणारे महाशिल्प, म्हणजे साकार. म्हणून माझा आग्रह असा की उत्तरद्वारातून शिरल्यावर लगेच समोरच्या त्रिमूर्तीकडे धाव घेऊ नये. प्रथम दाराशीच थांबावे. उजव्या हातास नटराज आहे, डाव्या हातास योगीश्वर. एक गतीचा परमावधी, दुसरा स्थैर्याचा, आणि या दोहोंच्या मधून वाट आत जाते, ही रचना योगायोगाने झालेली नाही. तेथून पूर्वेच्या अंगणात जावे, तिकडे तोंड करून मग वळावे, आणि स्तंभांच्या रांगांतून गर्भगृहाकडे चालत यावे. चारही बाजूंस द्वारे असलेल्या त्या गाभाऱ्याचे द्वारपाल भंगलेले असले तरी त्यांच्या उभे राहण्यातील भारदस्तपणा अद्याप ओसरलेला नाही.

मंडप सुमारे ३९ मीटर लांब-रुंद आहे, आणि उजेड केवळ कडांनी येतो. बाहेरच्या उन्हातून आत आलेल्या डोळ्यांना पहिली काही मिनिटे पाषाणाचा केवळ काळोख दिसतो. येथे बसावे. मार्गदर्शकासही गप्प राहावयास सांगावे. जे मग हळूहळू अंधारातून पुढे येते ते सदाशिव : सुमारे साडेपाच मीटर उंच, छातीपर्यंतच कोरलेला, पाहणाऱ्यास तीन मुखे दाखवणारा. मधले तत्पुरुषाचे मुख मिटल्या डोळ्यांचे, गंभीर. आपल्या डाव्या हातास मिशी असलेला, भुवया आक्रसलेला अघोर. उजव्या हातास कमळ धरलेला, कोमल ओठांचा वामदेव, ज्याला कित्येक जण उमेचे मुख मानतात. उग्रता व मृदुता या दोहोंना आपल्या दोन अंगांस ठेवून जे मुख मध्ये निर्विकार राहिले आहे, त्याच्यासमोर माणसाने किती वेळ बसावे याला नियम नाही. या शिल्पाच्या दोन्ही बाजूंस, डावीकडे अर्धनारीश्वर व उजवीकडे गंगाधर आहेत. गंगाधराच्या पटात गंगा जटेत उतरत असताना पार्वती शिवापासून किंचित दूर झुकलेली आहे. तो झुकाव अवश्य पाहावा, कारण एवढ्या प्रचंड कामात मानवी मनाचा एवढा सूक्ष्म भाव टिपणारा शिल्पी मार्गदर्शकाच्या घाईत निसटून जातो. शिवपार्वतीविवाह, अंधकासुरवध, कैलास हलवणारा रावण हे पट त्यानंतर सावकाश पाहता येतात. विवाहाच्या पटातील वधूची खाली झुकलेली मान मुलींना विशेष भावते असा अनुभव आहे. छायाचित्रे काढावीत, पण सदाशिवासमोर प्रथम कॅमेरा व नंतर डोळे, असा क्रम नसावा.

पुष्कळ शिल्पांचे हात-पाय, गुडघ्यांखालचे भाग तुटलेले दिसतील. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादुरशहाने हा मुलूख पोर्तुगिजांना दिल्यावर त्यांच्या सैनिकांनी येथे जो धिंगाणा घातला त्याच्या या खुणा आहेत, अशी परंपरा आहे. पाझरणारे पाणी आणि काळ यांचाही त्यात वाटा आहे. परंतु याहून मोठी हानी डोळ्यांना दिसत नाही. दिओगो दु कोउतु या पोर्तुगीज इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की लेण्यात एक शिलालेख होता, तो काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला गेला, तेथे तो वाचणारा कोणी मिळाला नाही आणि पुढे तो नाहीसा झाला. त्या एका दगडाच्या जाण्याने हे लेणे आपल्या कर्त्याच्या नावास मुकले. आज कर्त्याविषयी विद्वानांना जे म्हणता येते ते बेटावर सापडलेल्या कलचुरी घराण्यातील कृष्णराजाच्या नाण्यांच्या आणि शैलीच्या आधारे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी कलचुरी-चेदि संवताचे लेख १९५५ साली संपादित करून प्रसिद्ध केले, त्यामुळे या घराण्याच्या इतिहासाला भक्कम पाया मिळाला. कोकणातील मौर्यांशीही या बेटाचा संबंध जोडला जातो. मार्गदर्शक यांपैकी एकच नाव ठामपणे सांगू लागला तर आदराने, पण अवश्य, ‘आधार काय?’ असे विचारावे. मुलांच्या देखत विचारावे.

मुख्य लेणे पाहून झाल्यावर बहुतेक लोक परततात. पश्चिमेच्या डोंगरावरील बाकीची चार लेणी अपूर्ण व जीर्ण आहेत, ती अर्ध्या तासात होतात. पूर्वेच्या टेकडीवर सीताबाईचे देऊळ म्हणून ओळखले जाणारे लेणे आणि विटांचा प्राचीन स्तूप आहे. शैव लेण्याच्या कित्येक शतके आधी येथे बौद्धांचा वावर होता याची ती साक्ष आहे. पण तिकडे जावयाचे ते शक्ती व वेळ शिल्लक असेल तरच, आणि वाट माहीत असणाऱ्याबरोबर. दोन्ही गोष्टी एका दिवसात बसवण्याच्या हट्टापायी सदाशिवासमोरचा वेळ कमी करणे हे मला मान्य नाही.

जेवण बेटावरच करावे. शेतबंदर, राजबंदर व मोराबंदर या तीन वस्त्यांतील माणसांनी या वारशाच्या सावलीत राहून फार काळ गैरसोय सोसली. समुद्राखालून केबल टाकून येथे वीज आली ती २०१८ साली. त्यांच्या घरगुती खाणावळीत मासळीभात खावा, घासाघीस करू नये, आणि आपला प्लास्टिकचा कचरा पिशवीत घालून बेलापूरपर्यंत परत आणावा, कारण बेटावरचा प्रत्येक कागद-बाटली अखेर बोटीनेच बाहेर न्यावी लागते. लेणी सायंकाळी साडेपाचला बंद होतात, प्रवाशांस रात्री राहण्याची मुभा नाही. पण त्याआधीच, चारच्या सुमारास, धक्क्याकडे उतरू लागावे, म्हणजे तांडेलास पाणी पाहून निघण्यास सवड राहते. परतीच्या बोटीवर मुलांना झोप येते. जाकीट तेव्हाही काढू नये.

ज्यांच्या मनात हे स्थळ घर करील त्यांनी पुढील दोन गोष्टी कराव्यात असे सुचवितो. पहिली सोपी आहे. ज्या पाषाणाच्या हत्तीवरून पोर्तुगिजांनी या बेटास आपल्या भाषेतील हत्तीचे नाव दिले, तो बंदराजवळ होता. १८१४ मध्ये त्याचे डोके व मान कोसळली, १८६४ मध्ये इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना तो आणखी फुटला, आणि त्याचे तुकडे जोडून १९१४ मध्ये तो पुन्हा उभा केला गेला. भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ तो आहे. एखाद्या सकाळी मुलांना दाखवून आणावा.

दुसरी गोष्ट राज्याच्या हद्दीपलीकडची आहे. बागलकोट जिल्ह्यातील ऐहोळे येथे मेगुटी नावाच्या जैन मंदिराच्या भिंतीवर रवीकीर्ती कवीने ६३४ मध्ये कोरविलेली बदामीच्या चालुक्य घराण्यातील दुसऱ्या पुलकेशीची प्रशस्ती आहे, आणि तीत कोकणच्या मौर्यांचा पाडाव व पश्चिम समुद्राची लक्ष्मी अशा ‘पुरी’वर शेकडो नौकांनिशी केलेली चढाई वर्णिली आहे. ही पुरी म्हणजे आपली घारापुरी, असे पुष्कळ अभ्यासक मानतात, काही जण ती दंडा-राजपुरीकडे शोधतात. म्हणजे आपल्या बेटाविषयी जो जुन्यातला जुना लेख उपलब्ध असण्याचा संभव आहे, तो जिंकणाऱ्याच्या राज्यात, कन्नड मुलखात आहे. मुंबईहून सोलापूर-विजयपूर मार्गे रेल्वेने बदामीस जाता येते. तेथे मुक्काम करून एक दिवस मोटार व स्थानिक मार्गदर्शक घ्यावा, पहाटे आधी ऐहोळे गाठावे, कारण मेगुटीची टेकडी उन्हात चढणे कष्टाचे होते, आणि परतताना पट्टदकल करावे, ज्याची नोंद जागतिक वारशात घारापुरीबरोबर त्याच १९८७ साली झाली. बदामीची लेणी दुसऱ्या दिवसासाठी ठेवावीत; तिसऱ्या लेण्यात त्याच घराण्यातील मंगलेशाचा ५७८ चा लेख आहे, आणि तांबूस वालुकाश्मात कोरलेले ते काम पाहताना बेसाल्टवर राबलेल्या आपल्याकडच्या छिन्नीला किती अधिक झगडावे लागले असेल याचा अंदाज हाताने दगड चाचपून घेता येतो. मराठी येणारा मार्गदर्शक बदामीत विचारल्यास मिळण्याचा संभव असतो. न मिळाल्यास हिंदीवर काम भागते, आणि प्रशस्तीतील पुरीच्या उल्लेखाची ओळ भिंतीवर नेमकी कोठे आहे हे त्याने बोट ठेवून दाखवावे असे आधीच ठरवून घ्यावे.